बॉबिनचं पिवळं जाकीट

कुत्रं पाळणाऱ्याला जगात दोन तऱ्हेची माणसं भेटतात. ज्यांना कुत्री आवडत नाहीत ती, आणि ज्यांना कुत्री फारच आवडतात ती. पहिल्यांचा काही उपद्रव नसतो, बिचारी आपण होऊन रस्ता ओलांडून पलीकडे जातात. आत्याच्या जिवाला घोर लावला होता तो दुसऱ्यांनी.

आत्या म्हणजे भरतकामवाली आत्या. थोरल्या बहिणीची मुलं तिला मावशी म्हणत आणि उरलेलं सगळं जग आत्या. पहिल्या मजल्यावर दोन खोल्या, रस्त्याकडे खिडकी, खिडकीशी खुर्ची आणि मांडीवर लाकडी रिंग, असा तिचा संसार. हाताला अशी काही कला की रुमालाची सुलटी बाजू कोणती आणि उलटी कोणती यावर पैज लागावी. वाटाण्याएवढ्या जागेत ती आठ पाकळ्यांचं फूल बसवी, आणि ते बघायला वाकता वाकता गिऱ्हाइकाचं नाक कापडाला टेकलं की तिला धन्य धन्य वाटे. "लांबून दिसतं ते भरतकाम नव्हे," ती म्हणे, "तो शाळेतला फळा."

चार महिन्यांपूर्वी तिच्याकडे बॉबिन आला. आधीच्या मालकांनी घर बदलताना भांडीकुंडी, पडदे, अगदी दाराची कडीसुद्धा आठवणीने नेली आणि कुत्रं तेवढं गॅलरीत विसरले. अंगाने तांबूस, एक कान उभा, दुसरा पडलेला. घाबरला की शिवणयंत्रातल्या बॉबिनसारखा जागच्या जागी गरगर फिरायचा, म्हणून हे नाव. घरात म्हणाल तर कुत्रं नुसतं सोनं होतं. आत्याच्या पावलावर हनुवटी टेकवून तासन्‌तास पडून राही, आणि आत्या पाय आखडला तरी हलवत नसे. पण रस्त्यावर आला की तो शेपूट पायांत घाली. त्यात कोणी अंगावर वाकलं, डोळ्यांत डोळे घातले, हात पुढे करून "अले, कोन आहे हे?" म्हणालं की संपलं. आधी गरगर, मग भुंकणं, मग दोरी संपेपर्यंत झेप.

आणि वाकायला सगळेच उत्सुक. "मला कुत्री काही करत नाहीत" हे वाक्य ज्याच्या त्याच्या ओठांवर तयार. गेल्या आठवड्यात बेकरीवाला डोक्यावर पावांचा ट्रे घेऊन चालला होता. "कुत्र्याला बरोबर माणूस कळतो, आत्या," असं म्हणत तो ट्रेसकट खाली वाकला. बॉबिनला माणूस कळला नाही. पुढच्याच क्षणी पाव रस्त्यावर होते आणि बेकरीवाला पावांवर बसला होता. आणि गंमत बघा, दोन्ही हातांनी दोरी ओढत आत्या ओरडत काय होती, तर "अहो, काही करत नाही हो तो!"

हा सगळा प्रकार घरमालकिणीने तळमजल्याच्या खिडकीतून पाहिला. बाई तोंडाने फटकळ, पण बोलली की शब्दाला पक्की. "आत्या, आणखी एक तमाशा झाला की हे कुत्रं या घरात राहायचं नाही. पुढच्या रविवारपर्यंत बघते मी."

थोरलीच्या कानावर हे जायला कितीसा वेळ? तिने फोनवरच निकाल लावून टाकला. "रविवारी गाडी घेऊन येते आणि नेते त्याला शेतावर. मोकळा हिंडेल. तुला या वयात ही नसती उठाठेव हवीय कशाला?"

"बरं," आत्या म्हणाली. थोरलीला ती जन्मभर "बरं"च म्हणत आली होती. मग फोन ठेवून ती फरशीवर बॉबिनशेजारी बसली आणि चांगली हुंदके देऊन रडली. बॉबिनने तिचं कोपर चाटलं. रविवारला सहा दिवस उरले होते.

त्याच दिवशी आत्याने बोलावलेली जनावरांची डॉक्टरीण घरी आली. आली ती दारातच खाली बसली, भिंतीकडे तोंड करून. बॉबिनकडे तिने ढुंकूनसुद्धा पाहिलं नाही. आत्याला वाटलं, बाईला कुत्र्यांची भीती वाटते की काय! पण पाच मिनिटांनी बॉबिन स्वतःच गेला, डॉक्टरिणीची पिशवी हुंगली, बूट हुंगले आणि काही न बोलता परत येऊन बसला.

"हा वाईट नाहीये, आत्या," डॉक्टरीण भिंतीला म्हणाली. "याला फक्त जागा हवी. दहा पावलांवर माणूस असला तर हा विचार करू शकतो. दोन पावलांवर आला की नुसता घाबरतो. त्याला पिवळंधमक जाकीट शिवा आणि त्यावर लिहा, लांब राहा म्हणून. आणि ते 'काही करत नाही' म्हणायचं आधी बंद करा बघू. ते ऐकून लोकांना वाटतं, आमंत्रणच आलं."

यातलं 'शिवा' एवढं आत्याने नीट ऐकलं. तिचे डोळे असे लकाकले की बाकीचं कानाच्या बाहेरूनच गेलं असणार. शिवायचं? अहो, मग चिंता कसली!

सोमवारची दुपार आणि मंगळवारचा आख्खा दिवस ती खिडकीतून उठली नाही. पिवळं रेशमी कापड काढलं, त्याला मऊ अस्तर लावलं, कडेने वेल काढली, वेलीवर चिमणी, चिमणीच्या चोचीत काडी. आणि मधोमध तांदळाएवढ्या अक्षरांत मजकूर भरला: "नमस्कार. मी बॉबिन. माझा स्वभाव अंमळ भित्रा असल्यामुळे आपण कृपया माझ्यापासून दहा पावलं अंतर ठेवावं, मला हात लावू नये, माझ्याकडे रोखून पाहू नये, ही नम्र विनंती. आपल्या समजूतदारपणाबद्दल मनापासून आभार." शेवटचा टाका घालून तिने जाकीट उलटं केलं. मागची बाजूही तशीच, एक गाठ दिसेल तर शपथ. इतकं सुंदर काम आयुष्यात आपल्या हातून झालं नव्हतं, हे तिचं तिलाच कळलं.

बुधवारी सकाळी दोघं खाली उतरली. बॉबिन जाकिटात नवरदेवासारखा दिसत होता आणि आत्या वरमाईसारखी चालत होती. पहिली वीस पावलं तर झकास गेली.

"आत्या, पाठीवर काय लिहिलंय हो त्याच्या?" बेकरीवाल्याने दुकानातून विचारलं. त्या दिवसापासून तो बॉबिनला जरा बिचकूनच होता, पण आता डोळे बारीक करत एकेक पाऊल पुढे येऊ लागला. "वेल आहे का ती? बापरे, चिमणी! काय काम आहे हो!"

आता इथे आत्याने म्हणायला हवं होतं, लांब राहा. घरी तिने ते आरशासमोर सात वेळा म्हणूनही पाहिलं होतं. पण कामाची तारीफ कानावर पडली, आणि तीस वर्षांची सवय जिभेवर आली. "जवळून बघा ना," आत्या म्हणाली.

झालं! बेकरीवाला जवळ आला. तो काय बघतोय ते बघायला घड्याळवाला आला, आणि डोळ्यात घड्याळ दुरुस्तीचं भिंग तसंच ठेवून गुडघ्यांवर बसला. "न-म-स्का-र," त्याने मोठ्याने वाचायला सुरुवात केली. भिंगातून त्याला एका वेळी एकच अक्षर दिसत होतं, पण गडी चिकाटीचा. तो 'अंमळ'पर्यंत पोचतो न पोचतो तोच वाचनालयातल्या बाई आल्या. त्यांनी वेल पाहिली, तोंडात बोटं घातली आणि म्हणाल्या, "मागची बाजू कशी आहे हो?" आणि जाकिटाची कड उचलून बघितलीसुद्धा. आत्याने दोरी घट्ट धरली, पण त्यातही, खोटं कशाला बोला, मागची बाजू बघितली म्हणून थोडं बरंही वाटलं.

बॉबिनने तोपर्यंत होता नव्हता तेवढा धीर धरला होता. त्याने जांभई दिली, ओठ चाटले, मान वळवली. बिचारा त्याच्या भाषेत केव्हापासून "पुरे" म्हणत होता, पण ऐकतो कोण. मग तो फिरू लागला. एक फेरा, दोन फेरे, चार फेरे. दोरी आधी घड्याळवाल्याभोवती, मग बेकरीवाल्याच्या पायांत, मग बाईंच्या, मग खुद्द आत्याच्या, आणि बघता बघता चौघांची मेथीच्या जुडीसारखी जुडी बांधली गेली. जुडी डुलली. उजवीकडे झुकली, डावीकडे झुकली, आणि सगळ्यांनी मिळून एकदाच "अरे अरे अरे" केलं आणि रस्त्यावर आडवी झाली. घड्याळवाल्याचं भिंग उडून वाचनालयाच्या बाईंच्या पर्समध्ये पडलं. बॉबिन सगळ्यांच्या वर उभा राहून जीव तोडून भुंकत होता.

"दहा पावलं!" खालून घड्याळवाल्याचा दबलेला आवाज आला. जाकीट आता त्याच्या नाकासमोर होतं आणि तो अजून वाचतच होता. "आत्या, यात तर लिहिलंय दहा पावलं लांब राहा म्हणून!"

दैव बलवत्तर म्हणून घरमालकीण त्या वेळी दात काढून घ्यायला गेली होती. जुडी सुटली, कपडे झटकले गेले, आणि बेकरीवाल्याने सगळ्यांच्या वतीने जाहीर केलं की आज इथे काहीही घडलेलं नाही. पण आत्याला काही लपवता येईना. घरी येऊन तिने जाकीट मांडीवर घेतलं. जन्मभर तिने माणसांना जवळ बोलावणारं काम केलं होतं, आणि आता लांब ठेवायची वेळ आली तेव्हा तिच्या हातांना दुसरं काही येतच नव्हतं. बॉबिन पलंगाखालून बाहेर यायला तयार नव्हता. आपल्या हौसेपायी आपण त्याला चार माणसांच्या मध्ये उभं केलं, हे तिला फार लागलं.

समोरच्या दुकानाबाहेर शिडीवर उभा राहून पाटीवाला पाटी रंगवत होता. या पाटीवाल्याशी आत्याचं गेली वीस वर्षं वाकडं. वाकडं म्हणजे भांडण नव्हे. आत्या त्याच्या अक्षरांना म्हशी म्हणायची, एवढंच, आणि ते त्याच्या कानावर गेलं होतं. पण आज खिडकीतून बघताना तिला एक गोष्ट दिसली. दर दोन फटकाऱ्यांनंतर तो शिडीवरून उतरे आणि पाटीकडे तोंड करून मागे मागे चालत जाई, पार रस्त्याच्या मध्यापर्यंत. तिथून डोळे मिचकावून बघे आणि परत शिडीवर. बॉबिन सगळ्या रस्त्यावर भुंके, पण या माणसावर कधी भुंकला नव्हता. का भुंकेल? जगातला हा एकच माणूस सदानकदा मागे सरत होता.

अडला हरी म्हणतात ना, तशी गुरुवारी आत्या एकटीच खाली गेली आणि शिडीखाली उभी राहिली.

"तुमची अक्षरं हवी होती," ती म्हणाली.

"म्हशी?" पाटीवाला वरून म्हणाला.

"म्हशीच. चांगल्या धष्टपुष्ट."

पाटीवाला खाली उतरला. त्याने जाकीट हातात घेतलं, हात लांब करून धरलं, मग खांबाला अडकवून दहा पावलं मागे गेला. "इथून काहीच दिसत नाही," तो तिथूनच ओरडला. "पिवळा रुमाल वाळत घातलाय असं वाटतंय. डोंगर तेवढे दुरून साजरे दिसतात, आत्या. बाकी सगळं दुरून वाचता यावं लागतं."

"मग काय लिहायचं?"

"दोनच शब्द. लांब राहा."

"अहो, उद्धट वाटेल ते. निदान कृपया तरी?"

"कृपया वाचायला माणूस दोन पावलं जवळ येतो," पाटीवाला म्हणाला.

रंगाचा वास कुत्र्याच्या नाकाला सोसायचा नाही, म्हणून त्याने खडूने अक्षरं आखून दिली, एकेक वीतभर. आत्याने काळ्या जाड कापडाची तशी अक्षरं कापली आणि साध्या पिवळ्या कापडावर दोन्ही बाजूंना शिवली, ढोबळ टाक्यांनी, गोणपाट शिवतात तशी. मागच्या बाजूचं तर नावच काढायला नको. शिवून झाल्यावर तिने ते खिडकीला टांगलं, रस्त्यावर उतरली, आणि आयुष्यात पहिल्यांदा स्वतःचं काम बघायला मागे मागे चालत गेली. पलीकडच्या कोपऱ्यावरूनही दिसत होतं: लांब राहा. ओबडधोबड होतं आणि लखलखीत होतं. तिला एकदम हसू फुटलं.

शुक्रवारी दोघं बाहेर पडली आणि रस्त्यावर जादू झाली म्हणायची. बेकरीवाला दारातच थबकला. वाचनालयातल्या बाई भिंतीला पाठ लावून उभ्या राहिल्या, फोटो काढून घ्यायला उभ्या राहाव्यात तशा. घड्याळवाल्याने तर भिंग काढून खिशात टाकलं आणि आकाशाकडे बघू लागला. सगळे इतके अदबीने बाजूला होत होते की आत्याला आपण कोणी मंत्रीबिंत्री झाल्यासारखं वाटलं. बॉबिनने उजवीकडे पाहिलं, डावीकडे पाहिलं. कोणी वाकत नव्हतं. त्याचा पडलेला कान हळूच अर्धा उभा राहिला.

शनिवारी एक परका गृहस्थ आला, हात पुढे करून, तोंडभर हसत. "मला कुत्री काही करत नाहीत," तो म्हणाला. आत्याने श्वास घेतला. "लांब राहा," ती म्हणाली. आवाज थोडा कापला, पण निघाला. गृहस्थाने आणखी एक पाऊल टाकलं, तेवढ्यात बेकरीवाल्याने त्याचा दंड धरला. "साहेब," तो कळवळून म्हणाला, "मीही अगदी हेच म्हणालो होतो." त्याने गृहस्थाला दुकानात नेऊन बसवलं आणि पावांची सगळी कथा हातवाऱ्यांसकट ऐकवली. बॉबिन तेवढ्यात कोपरा ओलांडून पलीकडच्या झाडापर्यंत जाऊन आला. चार महिन्यांत पहिल्यांदा.

पण रविवार उजाडायचा तो उजाडलाच. सकाळी दहाला थोरलीची गाडी कोपऱ्यावर उभी राहिली. आत्या आणि बॉबिन तेव्हा घराच्या फाटकासमोरच होती. थोरली उतरली, धिप्पाड, दोन्ही हात पसरलेले, आणि चष्मा नेहमीप्रमाणे गाडीत. "कुठंय माझं लेकरू?" म्हणत ती निघाली ती वादळासारखी. जाकिटावरची पाटी तिला दिसणं शक्यच नव्हतं.

आणि कोणाला ओरडायचीही सोय नव्हती, बॉबिन बिथरला असता. मग सगळा रस्ता मूकपणे नाचू लागला. घड्याळवाल्याने दोन्ही हात फडफडवले. बेकरीवाला रिकामा ट्रे ढालीसारखा पुढे धरून उड्या मारू लागला. वाचनालयातल्या बाईंनी दहा बोटं दाखवली, मग पावलं दाखवायला जागच्या जागी चालून दाखवलं. पाटीवाला शिडीवर उभा राहून कुंचल्याने हवेत 'थां' काढत होता. थोरली एक पाय उचललेला तसाच ठेवून थिजली. तिला वाटलं, पुढे खड्डा तरी आहे नाहीतर साप तरी.

"ताई, तिथेच थांब," आत्या हळू आवाजात म्हणाली. "त्याच्याकडे बघू नकोस. दुकानांकडे तोंड कर."

साठ वर्षांत धाकटीने सांगितलेलं थोरलीने कधी ऐकलं नव्हतं. पण आख्खा रस्ता पाहत होता. तिने पाय खाली ठेवला आणि दुकानांकडे तोंड केलं. दोघी बहिणी दहा पावलांच्या अंतरावर, शेजारच्या खांबांसारख्या, एकाच दिशेला बघत उभ्या राहिल्या.

"कसा आहे गं?" थोरलीने बेकरीला विचारलं.

"बरा आहे. काल झाडापर्यंत गेला."

"मग? नेऊ की नको?"

आत्याच्या तोंडात "बरं" आलं होतं. ते तिने गिळलं. "नको नेऊस," ती म्हणाली. "मला हवाय तो. तो गेला तर मला घर खायला उठेल. तुला मोकळं शेत दिसतं ताई, पण तिथे रोज दहा माणसं त्याच्या गळ्यात पडतील, आणि पहिली तू."

"हे आधी नाही बोललीस कधी," थोरली म्हणाली.

"तू आधी कधी इतकी लांब थांबलीस?"

थोरली हसली. आधी खांदे हलले, मग पोट हलायला लागलं, पण बाईने आवाज म्हणून बाहेर फुटू दिला नाही. डोळ्यांतून पाणी यायला लागलं तरी मान वळवून पाहिलं नाही. "काय करतोय आता?" तिने दबक्या आवाजात विचारलं.

आत्याने खाली पाहिलं. बॉबिनने एकदा थोरलीच्या दिशेने हवा हुंगली होती. मग त्याने एक फेरा घेतला, फक्त एक, आणि फाटकाच्या ऐन मध्ये, भर रस्त्याला पोट टेकून आडवा झाला. हनुवटी आत्याच्या पावलावर आली. डोळे मिटत गेले.

"झोपलाय," आत्या म्हणाली.

ही बातमी रस्ताभर नुसत्या ओठांच्या हालचालींनी गेली. बेकरीवाल्याने दुकानाचं दार कुरकुरतं म्हणून उघडंच ठेवलं. एक सायकलवाला पाटी वाचून खाली उतरला आणि सायकल खांद्यावर घेऊन वळसा घालून गेला. थोरली आपल्या जागेवरून हलली नाही. कोणीतरी तिला तिथेच खुर्ची आणून दिली.

तेवढ्यात भाजीची पिशवी घेऊन घरमालकीण आली. फाटक तिचं, घर तिचं, आणि मधोमध कुत्रं. घरमालकिणीने पाटी वाचली, झोपलेल्या बॉबिनकडे पाहिलं, मग खुर्चीतल्या थोरलीकडे, मग शिडीवर कुंचला धरून थांबलेल्या पाटीवाल्याकडे. मग तिने चपला काढून हातात घेतल्या, दहा पावलं मोजून मागे गेली, आणि मागच्या अंगणाच्या दाराकडे वळता वळता आत्याला कुजबुजत म्हणाली, "उठला की आणा त्याला वर. काही घाई नाही."